रिकाम्या खुर्चीचं माप

माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी वाईट वाटून घ्यायला नको. लखनौत पस्तीस वर्षं काढली, पण इथली मिठास काही माझ्या जिभेला लागली नाही. आमच्या ह्यांना लागली. मिरजेहून बँकेत बदली होऊन आले तेव्हा हे साधे, सरळ होते. आता भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागतानासुद्धा 'ज़रा ज़हमत होगी भैया' म्हणतात. मी एका संशोधन संस्थेत होते, आयुष्यभर झाडांची पानं मोजली. निवृत्त झाले आणि वर्षभरात पाठीच्या कण्याचं ऑपरेशन होऊन पाय कामातून गेले. ती गोष्ट मी इथे सांगणार नाही. भेटणाऱ्या प्रत्येकाला तीच ऐकायची असते आणि मला सांगून सांगून वीट आलाय.

खुर्चीचा मला त्रास नाही. चाकं माझी, हात माझे. घरातले उंबरे काढून टाकले, ओटा खाली घेतला, बाथरूमचं दार बाहेर उघडणारं केलं, बटणं माझ्या खांद्याच्या उंचीवर आणली. आता हे बटण दाबायला वाकतात आणि मी बसल्याबसल्या दिवे लावते. त्रास होता तो पाच पायऱ्यांचा. गोमती नगरातली आमची इमारत चार मजली आहे, लिफ्ट आहे, चांगली चालते. पण लिफ्टपर्यंत पोचायचं तर अंगणातून पाच पायऱ्या चढून आधी लॉबीत यायचं. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी लिफ्ट, आणि लिफ्टसाठी पायऱ्या. हे डोकं कुणी चालवलं देव जाणे.

दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी इमारतीतल्या चार पुरुषांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. मी रडले. खोटं कशाला बोलू, मनापासून रडले, अशी माणसं कुणाला मिळतात. त्याच संध्याकाळी त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला, नाव 'कुर्सी सेवा', आणि माझं रडणं थांबलं.

चौघांचे पुढारी दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर साहेब. जन्मभर नद्यांवर पूल बांधून निवृत्त झालेले, सत्तरीतही ताठ, अंगात कायम कडक इस्त्रीचा, चिकनच्या भरतकामाचा कुर्ता. बाकीचे तिघे म्हणजे एक दातांचे डॉक्टर, एक विमा कंपनीतले आणि एक कॉलेजात इतिहास शिकवणारे प्राध्यापक. डॉक्टर मला उचलण्याआधी कमरेला पट्टा बांधायचे, त्यावरून त्यांच्या कमरेची अवस्था कळावी. रोज संध्याकाळी ग्रुपवर गुलाबाचं चित्र यायचं आणि खाली प्रश्न असायचा, 'कल भाभीजी कितने बजे उतरेंगी?' दूध नासलं, चला खाली जाऊन घेऊन येऊ, असं म्हणायची सोय नव्हती. अर्ध्या लिटर दुधासाठी चार माणसांची आदल्या दिवशी वेळ घ्यावी लागे.

आणि ते उचलणं. पायऱ्या उतरताना खुर्चीचा भार पुढच्या दोघांवर येतो. आता चौघेही लखनौचे, म्हणजे जड बाजू दुसऱ्याला कोण देणार?

"आप पीछे आइए, आपकी कमर ठीक नहीं."

"अरे नहीं साहब, आपके होते हुए हम पीछे से पकड़ें?"

हे सगळं चालायचं तेव्हा मी जमिनीवर नसायचे. एका बाजूने उचललेली, दुसऱ्या बाजूने टेकलेली, मांडीवर पर्स धरून मी त्यांची सभ्यता संपायची वाट बघत बसायचे. एकदा तर आम्ही तिसऱ्या पायरीवर असताना प्राध्यापकांच्या वयोवृद्ध मावशी समोरून आल्या. झालं. तिघांनी हात सोडून अदबीने सलाम केला, गुडघ्यांची चौकशी केली, नातवाच्या परीक्षेची केली. विमावाल्यांनी खुर्ची एकट्याने गुडघ्याने अडवून धरली होती, आणि तेही मान वळवून विचारत होते की ख़ाला, आपकी नज़र अब कैसी है? मी जीव मुठीत धरून वर आभाळाकडे बघत होते.

मी ह्यांना म्हटलं, "एक दिवस हे लोक मला पाडणार आणि वर माफीही इतकी सुंदर मागणार की मला रागावता यायचं नाही."

हे म्हणाले, "अगं, प्रेमाने करतात."

प्रेमाने करतात हेच तर दुखणं होतं. वाईट माणसांशी भांडता येतं.

गेल्या संक्रांतीला इथल्या महानगर भागात मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. तिथेही तीन पायऱ्या होत्या, म्हणून कुर्सी सेवा गाडीतून माझ्याबरोबर आली. मला आत ठेवून बाहेर थांबतील असं मला वाटलं होतं. ते आतच बसले, चाळीस बायकांमध्ये ओळीने. तीळगूळ खाल्ला, उखाणे कळत नसताना माना डोलावल्या. वाण लुटणारी बाई ओळीने येत होती, ती ह्या चौघांपाशी येऊन क्षणभर थबकली आणि गोंधळून तिने त्यांच्याही हातावर एकेक स्टीलची वाटी ठेवली. इंजिनियर साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत तशीच धरून बसले. मी म्हटलं, ठेवा ना खाली. ते म्हणाले, "भाभीजी, मेज़बान के हाथ की चीज़ है, ज़मीन पर कैसे रखें?" निघताना पंचाईत झाली. चौघांच्या हातात वाट्या, मला उचलणार कोण? शेवटी चारही वाट्या मी मांडीत घेतल्या, तेव्हा कुठे माझी पालखी हलली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. मला पडलं.

दिवाळीनंतर मिरजेहून फोन आला. माझ्या नणंदेच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तिला भावाशिवाय कुणी नाही. ह्यांना दीड महिना जावं लागणार होतं. मी म्हटलं, जा, मी राहीन. स्वयंपाकाला बाई येते, बाकी सगळं माझं मी करते. पण आमची मुलगी नोएडाला असते, अकराव्या मजल्यावर, आणि तिचा जीव तिथून आमच्यात अडकलेला. तिच्याशी मी मराठीत बोलते आणि ती मला हिंदीत उत्तर देते, जन्मापासून असंच आहे.

"आई, अकेले कैसे रहोगी? आग लग गई तो? चार अंकल लोग ढूँढोगी? आप यहाँ आ जाओ ना, एक-डेढ़ महीने की तो बात है."

दीड महिना म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई 'एक महिना' म्हणून मुलाकडे गेल्या. आता तिथे भाडेकरू राहतात आणि बाईंची तुळस मी माझ्या बाल्कनीत वाढवते आहे. म्हाताऱ्या माणसाला एकदा घरातून उचललं की परत ठेवत नाहीत. मला भीती वाटली. हे घर, ही कमी उंचीवरची बटणं, ही माझी झाडं, सगळं त्या पाच पायऱ्यांवर येऊन ठेपलं होतं.

मी भांडले. मुलगी माझीच, तीही भांडली. शेवटी म्हणाली, "अच्छा, एक काम करो. मेरे सामने अकेले नीचे उतरो, गेट के बाहर जाओ, वापस ऊपर आओ. कोई हाथ नहीं लगाएगा. कर लिया तो मैं कभी कुछ नहीं बोलूँगी. नहीं तो नोएडा."

मी म्हटलं, ठरलं.

त्याच रात्री जेवण झाल्यावर आलेखाचा कागद काढला. सहा इंचाची एक अशा पाच पायऱ्या म्हणजे अडीच फूट चढ. हातांनी चाक फिरवणाऱ्याला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे तीस फूट उतार, मध्ये दम खायला आणि वळायला सपाट जागा. लॉबीच्या डाव्या अंगाने भिंतीलगत बरोबर बसत होता. कुणाची गाडी हलवावी लागणार नव्हती. सकाळी कागद इंजिनियर साहेबांच्या हातात दिला.

त्यांचा चेहरा पडला. "रैंप?" ते म्हणाले. "हमसे कोई गुस्ताख़ी हुई, भाभीजी?"

मी सगळं सांगितलं. मिरज, नोएडा, मुलीची अट. "मला एकटीला जाता आलं पाहिजे, साहेब. एकटीला." हा शब्द मी तीनदा उच्चारला, मराठीत आणि हिंदीत. त्यांनी डोळे पुसले. मग कागदावरचा उतार पुन्हा बघितला आणि आत कुठेतरी पूलवाला जागा झाला. "ढाल बिल्कुल सही निकाली है आपने," म्हणाले. "अब आप कुछ मत सोचिए. हम हैं ना."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं.

सोसायटीने मंजुरी दिली, मिस्त्री आला, काम सुरू झालं. धूळ उडते, तुम्हाला त्रास होईल, म्हणून चौघांनी मला खाली नेणंच बंद केलं. आमची बाल्कनी मागच्या बाजूला, त्यामुळे मला काही दिसत नव्हतं. बघू तरी द्या म्हटलं तर प्राध्यापक म्हणाले, "सरप्राइज़ है."

एका दुपारी मी पलंगावर पडले होते. जाग आली तर शेजारी खुर्ची नाही. हाका मारमारून घसा बसला. पाऊण तासाने हे हसतमुखाने खुर्ची ढकलत आले. माप घ्यायला इंजिनियर साहेब खाली घेऊन गेले होते.

"आणि मला कशाला नाही नेलं?"

"अगं, तू झोपली होतीस. ते इतक्या अदबीने मागत होते, नाही कसं म्हणू?"

"घराला आग लागली असती तर मी काय करायचं होतं?"

"मी खालीच होतो की," हे म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

उद्घाटनाच्या दिवशी धुकं जरा उशिराच विरलं. चौघांनी मला शेवटचं उचलून खाली आणलं. चौघांच्या गळ्यात झेंडूचे हार होते, माझ्या गळ्यात नव्हता, कारण सत्कार उचलणाऱ्यांचा होता. अंगणात तिळाची गजक आणि चहा मांडला होता. हे फोन धरून उभे होते, फोनमध्ये मुलगी होती. आणि समोर तो उतार होता. बाई गं, काय देखणं काम. चढ अगदी माझ्या कागदाबरहुकूम, फरशी खरखरीत, पाणी वाहून जायला बाजूने पन्हळ. दोन्ही बाजूंना कमरेइतक्या भिंती, त्यांच्या माथ्यावर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट, त्यावर सिमेंटने पक्क्या बसवलेल्या झेंडूच्या कुंड्या. तोंडाशीच भिंतीत एक दगड होता, त्यावर कोरलं होतं, 'स्वावलंबन पथ'.

माझा ऊर भरून आला. त्या चौघांना मनात काय काय बोलले होते त्याची लाज वाटली. मी फीत कापली, पदर खोचला आणि चाकांवर जोर देऊन आत शिरले.

दोन फूट गेले आणि बोटं भिंतीला घासली. मला वाटलं खुर्ची तिरकी झाली. मागे आले, सरळ केली, परत गेले. ह्या वेळी दोन्ही हातांची सालं निघाली. चाकाच्या बाहेर जी कडी असते, ती हाताने फिरवायची, ती कडी आणि भिंत ह्यांच्यात एक बोट जेमतेम मावत होतं. खुर्ची आत जात होती. माझे हात बाहेर राहत होते. वरून भिंतीला धरून ओढावं तर कुंड्या.

मी तिथे बसून राहिले. मग इंजिनियर साहेबांचा आवाज आला, मायेने ओथंबलेला, "पहली बार है, भाभीजी, हो जाता है. हम हैं ना." आणि त्यांनी मागून खुर्चीची मूठ धरली आणि मला एका दमात वर नेऊन ठेवलं. धक्का नाही, कलणं नाही, अगदी लोण्यासारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी धावत येऊन माझ्या बोटांना पट्ट्या लावल्या.

फोनमधून मुलगी म्हणाली, "आई, बहुत सुंदर बना है. बस पीछे कोई चाहिए." मग म्हणाली, "मैं अगले संडे आ रही हूँ. आपका भी टिकट कर लेती हूँ."

मी वर लॉबीत होते, खाली लोक गजक खात होते. माझा नुसता तिळपापड झाला होता, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण जो दिसेल तो माझं अभिनंदन करत होता.

दुसऱ्या दिवशी चौघांना घरी बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, एक भिंत पाडा आणि रस्ता हातभर रुंद करा. चौघांच्या चेहऱ्यावर अशी अवकळा आली, जसं काही मी त्यांच्या घरातलं कुणी मागितलं होतं.

"मगर भाभीजी, जगह तो पूरी है. दोनों तरफ़ एक-एक इंच छोड़ा है," इंजिनियर साहेब म्हणाले. "ज़्यादा चौड़ा करते तो लड़के स्कूटर चढ़ा देते. और कुर्सी फँसकर चलेगी तो डगमगाएगी नहीं."

मग सूचना सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, हातमोजे घाला, माझ्याकडे खोकाभर आहेत. विमावाले म्हणाले, थोडी अरुंद खुर्ची घेऊ, लहान मुलांची मिळते. मी म्हटलं, मी लहान मूल नाही, मी भरपूर रुंद आहे. प्राध्यापक म्हणाले, ती बाहेरची कडीच कापून टाकली तर? म्हणजे ज्याने चाक फिरवायचं तेच काढून टाकायचं. इंजिनियर साहेबांना सर्वांत उत्तम सुचलं. वर एक कप्पी बसवायची, तिला दोर, आणि दोर ओढायला पाळीपाळीने एकेक जण. ग्रुप होताच.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही स्वतः एकदा ह्या खुर्चीत बसून तो उतार चढा. मग बोलू."

ते लगेच तयार झाले, माणूस भ्याड नाही. खाली गेलो. मला ह्यांनी लॉबीत एका साध्या खुर्चीवर बसवलं आणि माझी खुर्ची खाली अंगणात नेऊन तिच्यात इंजिनियर साहेब बसले. त्यांनी चाकाला हात लावायच्या आत मागून तिघे धावले.

"अरे साहब, आप क्यों तकलीफ़ करेंगे?"

"हमारे होते हुए?"

आणि बघता बघता त्यांना वर आणून माझ्यासमोर उभं केलं. एक बोटसुद्धा हललं नव्हतं त्यांचं. ते समाधानाने म्हणाले, "देखिए, बिल्कुल ठीक है."

मी तिघांना म्हटलं, लांब उभे राहा, हात लावू नका. हो म्हणाले. दुसऱ्या खेपेला पाच फुटांवर साहेब नुसते खाकरले आणि तिघे पुन्हा धावले. तिसऱ्या खेपेला तर चौकीदारही धावला. मला रडू येत होतं आणि हसूही. ज्या माणसाला आयुष्यात कुणी एकटं सोडलंच नाही त्याला एकटं म्हणजे काय हे दाखवायचं तरी कसं?

तेव्हा मला ती वाटी आठवली.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "वर जा आणि चहा करून आणा. कपबशीत. काठोकाठ भरा."

"आत्ता?" हे म्हणाले.

"आत्ता. चांगल्या कपात. आणि माझ्या हातात द्या, मी देणार."

हे घेऊन आले. मी तिघांच्या आणि चौकीदाराच्या हातात एकेक कपबशी माझ्या हाताने दिली. चहा अगदी काठाला लागलेला, त्यामुळे दोन्ही हातांनी धरावा लागत होता. आणि मी दिलेला, त्यामुळे खाली ठेवणं शक्य नव्हतं. आणि साहेब चहाशिवाय बसलेले, त्यामुळे त्यांच्याआधी ओठाला लावणंही शक्य नव्हतं. चार माणसं साहेबांच्या मागे चार पुतळे होऊन उभी राहिली.

"आता चढा, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी चाकांना हात घातला आणि बोटं घासली. त्यांनी मागे घेतलं, कोन बदलला, पुन्हा घासली. इंजिनियरच ते, त्यांनी एकूण पाच प्रकार करून पाहिले. कुर्त्याच्या बाहीला ग्रॅनाइटची धूळ लागली. मग ते मान वळवून मागे बघू लागले. डॉक्टर एक पाऊल पुढे आले, चहा हिंदकळला, ते थांबले. विमावाल्यांचे डोळे भरले होते. कुणीही काही बोललं नाही. मीही बोलले नाही, आणि हे माझ्या बाबतीत नोंद घेण्यासारखं आहे.

साहेबांनी चाकं सोडली. सोललेल्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखं, "हमने ख़ाली कुर्सी नापी थी."

मला वाटलं होतं, ते असं काही बोलले की मी त्यांना चांगलं सुनावीन. तोंडाशी सगळं तयार होतं. पण त्यांचा चेहरा बघून माझं सगळं पाणी झालं. माणसाने जन्मभर नद्यांवर पूल बांधले, पलीकडे जाणाऱ्याचा विचार केला, आणि माझ्या वेळेला त्याच्या मनात मी आलेच नव्हते. खुर्ची आली होती आणि खुर्ची ढकलणारा आला होता.

"उठवा त्यांना," मी म्हटलं, "आणि तो चहा प्या आता, निवला."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला तेव्हा साहेबांनी मला खाली बोलावलं. मी खुर्चीत असतानाच मिस्त्री म्हणाला, "अम्माजी, चलाकर दिखाइए, जैसे चलाती हैं." मी चाकं फिरवली, त्याने माझ्या एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत टेप धरला आणि आकडा साहेबांना सांगितला. साहेबांनी तो आपल्या वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. डाव्या बाजूची भिंत कुंड्यांसकट पाडली, जमीन बाहेर वाढवली, हाताला लागेल असा गोल पाइप बसवला. 'स्वावलंबन पथ' लिहिलेला दगड निघाला तो टाकवेना कुणाला. शेवटी चौकीदाराची खुर्ची डगमगत होती, तिच्या पायाखाली घातला.

रविवारी मुलगी आली. तिच्या पर्समध्ये दोन तिकिटं होती, मला दाखवली नाहीत तरी मला माहीत होतं. सकाळी अकराला ऊन पडलं तेव्हा सगळे लॉबीत जमले. मी ह्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. हे ट्रे घेऊन आले, आणि चौघांच्या हातात मी एकेक काठोकाठ कप दिला. एक ह्यांनाही दिला. ह्यांचाच मला सर्वांत कमी भरवसा होता. एक कप ट्रेत उरला.

"ये क्या चल रहा है?" मुलगी म्हणाली.

"ते तुला बाबा सांगतील," मी म्हटलं आणि निघाले.

उतरणं सोपं होतं, ब्रेकसारखा हात ठेवत गेलं की झालं. मधल्या सपाटीवर वळले. अंगण ओलांडलं. चौकीदार उठून म्हणाला, किसी को बुलाऊँ? मी म्हटलं, फाटक उघड. बाहेर गाजरवाला उभा होता, लालबुंद गाजरं, ओली. घरात दोन किलो गाजरं पडलेली असताना मी त्याच्याशी दरावरून घासाघीस करून आणखी एक किलो घेतली, कारण दोन वर्षांत कुणी मला घासाघीस करू दिली नव्हती. पिशवी मांडीत टाकली आणि परत फिरले.

चढ अवघड गेला, उगाच बढाई मारणार नाही. पहिले पंधरा फूट बरे गेले. सपाटीवर दम खाल्ला. दुसऱ्या टप्प्यात दंड थरथरायला लागले, आणि वर पोचायला आठ-दहा फूट राहिले असताना हात सटकला आणि खुर्ची चार बोटं मागे घसरली. मी कडी गच्च पकडली. मागून कुणी मूठ धरेल, आत्ता धरेल, म्हणून माझी पाठ आपोआप ताठ झाली. कुणी धरली नाही. मी एक श्वास घेतला, एक ढकल दिली. मग दुसरी. मग मोजणं सोडून दिलं.

वर पोचले तेव्हा आधी मला बशा दिसल्या. चहा कपात कमी आणि बशीत जास्त होता, इंजिनियर साहेबांची बशी तर काठोकाठ भरली होती आणि कुर्त्यावर ओघळ आला होता. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते. कुणी एक पाऊल हललं नव्हतं. मी गाजरांची पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या पलीकडे, लिफ्टच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

आमची मुलगी चहा पीत नाही, लहानपणापासून नाही. तिने ट्रेत उरलेला तो कप दोन्ही हातांनी धरला होता.